गाडी ठरली, पण मॉडेल कुठलं?

गाडी घेणारा माणूस कुठली गाडी घ्यायची याचा विचार सहा महिने करतो. मित्रांना विचारतो, रस्त्यात उभ्या असलेल्या गाड्यांना वळसा घालून बघतो, घरात वाद घालतो. पण त्याच गाडीचं बेस मॉडेल घ्यायचं, मधलं की टॉप, हा निर्णय मात्र शोरूमच्या गार हवेत, चहाचा कप हातात असताना अर्ध्या तासात करून टाकतो. समोरचा हसतमुख तरुण म्हणतो, "सर, आणखी फक्त दीड लाख", आणि भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा आपला माणूस मान डोलावतो. मला आज बोलायचं आहे ते या अर्ध्या तासाबद्दल.

त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या गाडीबद्दल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही सोसायटीच्या आवारात डोकावा. उंच, चौकोनी, टपावर कॅरिअर असलेली एखादी तरी गाडी दिसेल. सोमवार ते शुक्रवार ती जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर गोगलगायीच्या चालीनं सरकते आणि शनिवारी पहाटे तंबू, सतरंजी, पाण्याचा कॅन आणि छोटी शेगडी घेऊन कसारा घाट चढते. कुणी भंडारदऱ्याला जातो, कुणी जव्हारला, कुणी माळशेजच्या पलीकडे. अमेरिकेत या कामासाठी मागे मोकळा हौदा असलेली पिकअप घेतात आणि तिला सरळ ट्रक म्हणतात. आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ साली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ साली आली, पण सव्वापाच मीटरहून लांब असलेलं हे धूड उपनगरातल्या गल्लीत वळवायचं कसं, हा प्रश्न उरतोच. बोलेरो कॅम्पर नावाची गाडी आपण रोज पाहतो, पण नावात कॅम्पर असलं तरी ती बिचारी मजूर आणि सिमेंटच्या गोण्या वाहते. तेव्हा आपल्या उपनगरातला 'ट्रक' म्हणजे बहुतेक वेळा जीपच्या वंशातली एखादी एसयूव्ही.

कवीला यातलं काय कळतं, असं कुणी विचारील. बी.ए.ला असताना सुट्टीच्या दुपारी मी कुर्ल्याला माझ्या मामूंच्या गॅरेजात हिशोबाची वही लिहायला बसत असे. गाड्यांबद्दल जे काही शिकलो ते तिथे. मामू म्हणायचे, गाडीत दोनच प्रकारच्या वस्तू असतात. एक, जी आपण पाना घेऊन बसवू शकतो. दुसरी, जी फक्त कारखान्यात बसते. पहिलीसाठी घाई करू नका, दुसरीसाठी कंजुषी करू नका. त्यानंतर इतकी वर्षं गेली, गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या, पण हे वाक्य जुनं झालेलं नाही. गेल्या वर्षी मुलुंडला राहणारा माझा भाचा अशी गाडी घ्यायला निघाला, तेव्हा मी त्याला हेच वाक्य दिलं. त्याचं उदाहरण मधून मधून देईन. कंपन्यांची नावंही येतील, ती उदाहरणापुरतीच. रेडिओवरून कुणाची भलामण करायची नाही.

मामूंच्या तरुणपणी हा प्रश्नच नव्हता. कांदिवलीला आकुर्ली रोडवर ज्या महिंद्र कंपनीचा कारखाना आहे, तिची स्थापना १९४५ साली झाली. तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. या कंपनीनं विलीजची जीप इथे जोडायला सुरुवात केली, तेव्हा जीप म्हणजे जीप. कापडी छत, पत्र्याचं अंग आणि चारही चाकांना जोर. आज एकाच नावाच्या गाडीची इंजिन, गिअर, चाकं आणि सजावट यांच्या जोड्या लावून डझनभर रूपं निघतात. त्यांना व्हेरियंट म्हणतात. झेड-अमुक, एएक्स-तमुक अशी त्यांची नावं कवितेत कधीच बसणार नाहीत अशी असतात, आणि माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक टायपात, त्यांचा तक्ता असतो. निवड करायची असते ती त्या तक्त्यावरून. शोरूममध्ये चक्कर मारायला देतात ती गाडी बहुधा टॉप मॉडेलची असते. ती चालवून बेस मॉडेल घेणं किंवा बेस मॉडेल नुसतं ऐकून नाकारणं, दोन्ही धोक्याचं.

तक्ता उघडण्याआधी मात्र एक वही घ्यावी आणि आपलं वर्ष तिच्यात मांडावं. भाच्याचं मी मांडून दाखवलं. मुलुंड ते सीप्झ, जाऊन-येऊन तीस किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ९,००० किलोमीटर. महिन्याआड नाही, जवळजवळ दर महिन्याला कॅम्पिंगला जाईन असं त्याचं म्हणणं होतं. ठीक आहे, वर्षाला दहा खेपा धरू. भंडारदरा मुलुंडहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका खेपेला ३०० आणि वर्षाला ३,००० किलोमीटर. एकूण झाले १२,०००. आता यातला कच्चा रस्ता किती? डांबरी सडक सोडून तळ्याकाठच्या शेतापर्यंतची वाट एका खेपेला जाऊन-येऊन आठ किलोमीटर धरली, तरी वर्षाला ८०. बारा हजारांत ऐंशी. शंभरात एकसुद्धा नाही.

हा आकडा ऐकून भाच्याचा चेहरा पडला. त्याच्या मनातल्या चित्रात गाडी सतत चिखल उडवत असायची. वहीतल्या चित्रात ती सतत पवईला उभी होती. पण या आकड्याचा अर्थ ऐंशी किलोमीटर विसरून जा असा नाही. अर्थ एवढाच की ११,९२० किलोमीटर ज्यानं सुसह्य होतील ते आधी बघा, आणि उरलेल्या ८० किलोमीटरमध्ये ज्यावाचून अडेल तेवढंच घ्या.

आता मामूंच्या दुसऱ्या प्रकाराकडे वळू, म्हणजे कारखान्यातच बसणाऱ्या वस्तूंकडे. पहिली वस्तू चारही चाकांना मिळणारा जोर, फोर-व्हील ड्राइव्ह. ही नंतर बसवता येत नाही. हिच्यासोबत एक वेगळा 'लो' गिअर असतो. तो टाकला की गाडी माणसाच्या चालीनं, पण साधारण दुप्पट ते अडीचपट ताकदीनं चढते. ओल्या चढावर, दगडांतून हळू उतरताना त्याचा खरा उपयोग. हे कुठल्या मॉडेलपासून मिळतं ते प्रत्येक गाडीत निराळं. २०२४ साली आलेल्या थार रॉक्समध्ये सर्वांत खालच्या मॉडेलला फोर-व्हील ड्राइव्ह नव्हताच, तो मधल्यापासून पुढे आणि डिझेललाच मिळत होता. स्कॉर्पिओ-एन २०२२ साली आली तेव्हा तिच्यातही तो डिझेललाच होता. याउलट मारुतीची जिम्नी २०२३ साली झेटा आणि अल्फा अशा दोन मॉडेलांत आली. दोन्हींत तेच दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, तोच फोर-व्हील ड्राइव्ह, तोच लो गिअर, त्याच सहा एअरबॅग. वरच्या मॉडेलला जास्तीचे मिळाले ते अलॉयची चाकं, एलईडीचे दिवे, मोठा स्क्रीन, क्रूझ कंट्रोल असले प्रकार. एका गाडीत वरच्या मॉडेलच्या पैशात ताकद मिळते, दुसरीत शोभा. तक्ता वाचायचा तो हे ओळखण्यासाठी.

पण फोर-व्हील ड्राइव्हबद्दल एक गैरसमज आहे. तो गाडीला पुढे ढकलतो, थांबवत नाही. ओल्या घाटात उतरताना गाडी थांबते ती टायर आणि ब्रेकच्या जोरावर, आणि ब्रेक तर प्रत्येकच गाडीला चारही चाकांना असतात. सह्याद्रीच्या पायथ्याची लाल माती ओली झाली की साबणासारखी होते आणि घाटावरची काळी माती टायरच्या नक्षीत भरून चाकाचा गुळगुळीत लाडू करते. तिथे गुळगुळीत टायरचा फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे चार चाकं जागच्या जागी फिरवण्याची सोय. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, मुरमाच्या वाटेनं जाणाऱ्याला चांगले टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची असलेली साधी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी बहुतेक ठिकाणी पोचवते. ज्याला भर पावसाळ्यातच डोंगरात शिरायचं आहे त्यानं चार चाकांचा जोर जरूर घ्यावा. मात्र तो जोर अडकल्यावर बाहेर काढतो, तसा अडकण्याच्या जागी शिरायचं धाडसही तोच देतो, हे विसरू नये.

दुसरी वस्तू गिअरबॉक्स. जोडरस्त्यावर संध्याकाळी किती वेळा क्लच दाबावा लागतो ते एकदा मोजून पाहा. पन्नाशी ओलांडलेल्यांचा डावा गुडघा ते न मोजताही सांगेल. ऑटोमॅटिक ही चैन आहे असं मी पूर्वी ऐकत आलो, पण वर्षाचे ९,००० किलोमीटर गर्दीतले असतील तर ती गरज आहे, आणि तीही नंतर बसत नाही. तिसरी वस्तू इंधन. २०२० सालापासून बीएस-सहा नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं धावावी लागते. रोज पंधरा किलोमीटर रांगत जाणारी डिझेल गाडी महिनोन् महिने हायवेवर गेलीच नाही तर ती जाळी तुंबते. ज्याची शनिवारची सहल खरोखर होते त्याला काळजी नाही. ज्याची सहल फक्त बोलण्यात होते, त्यानं पेट्रोल घ्यावं.

चौथी वस्तू जिवाच्या रक्षणाची. इथे बेस मॉडेलला नावं ठेवण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. एबीएस ब्रेक २०१९ सालापासून आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ सालापासून कायद्यानं नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या. तेवढ्यासाठी वरचं मॉडेल घ्यायची गरज उरलेली नाही. पण बाजूच्या एअरबॅग, आणि गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी ईएसपी नावाची यंत्रणा, या काही गाड्यांत सर्व मॉडेलांना असतात, काहींत वरच्यांनाच. या एका रकान्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं लागलं तर जरूर घ्यावं. घाटातल्या वळणावर छपराची काच उपयोगी पडत नाही.

'नंतर बघू' म्हणणाऱ्यांसाठी कायदाही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्यानं ठरवलेल्या मूळ स्वरूपात बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्र सरकारनं राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं. काचांना काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली बंदी घातली. म्हणजे बेस मॉडेल घेऊन बाजारातून तिचा रणगाडा करू, हा बेत आरटीओच्या दारात अडकतो आणि अपघातानंतर विम्याच्या टेबलावरही अडकू शकतो. दिव्यांचंही तेच. डोळे दिपवणारे बल्ब बाहेरून बसवून समोरच्याला आंधळं करण्यापेक्षा, रात्रीचा घाट नेहमीचा असेल तर चांगले दिवे कारखान्यातूनच आलेलं मॉडेल घ्यावं.

मग सोडायचं काय? पान्यानं, स्क्रूनं, नाहीतर नुसत्या हातानं बसतं ते सगळं. स्क्रीन आणि स्पीकर बाहेर मिळतात. मागचा कॅमेरा मिळतो. सीटची कव्हरं मिळतात, आणि कॅम्पिंगवाल्यानं पांढऱ्या कातडी सीटचा मोह धरूच नये. चिखलाचे बूट आणि रश्श्याचं पातेलं यांच्याशी तिचं जमत नाही. रबरी चटया, टायरमध्ये हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप, ओढायचा पट्टा, हे सगळं मिळून टॉप मॉडेलच्या फरकाच्या एका कोपऱ्यात बसतं.

चाकांची गोष्ट थोडी उलटी आहे. टॉप मॉडेलला बहुधा मोठ्या व्यासाची अलॉयची चाकं देतात. दिसतात देखणी. पण चाकाची बाहेरची उंची ठरलेली असते, त्यामुळे रिम मोठी झाली की टायरची भिंत बारीक होते, आणि खड्ड्याचा दणका सोसायला मध्ये रबर कमी उरतं. लोखंडी रिम दणका बसला तर वाकते, आणि वाकलेली रिम हातोड्यानं ठोकून तात्पुरतं घरी पोचण्याइतकी सरळ करणारा माणूस हायवेच्या कडेला भेटतो. अलॉयला तडा गेला तर तो हात जोडतो. पावसाळ्यातला आपला पश्चिम द्रुतगती मार्ग आणि भंडारदऱ्याची वाट, दोन्हीकडे खालच्या मॉडेलचं साधं चाक जास्त कामाचं. स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची आहे ना, हे मात्र डोळ्यांनी बघून घ्या.

पैशाचा हिशोब शोरूमच्या कागदावर अर्धाच असतो. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. समजा, ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीऐवजी तुम्ही १० लाख ४० हजारांचं मॉडेल घेतलंत. किंमत वाढली पन्नास हजार, पण कर १ लाख ८ हजार ९०० वरून १ लाख २४ हजार ८०० वर गेला. म्हणजे पन्नास हजारांमागे आणखी सोळा हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत तर उडी फारच मोठी आहे. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल १,२०० किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत इंजिन असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. त्यामुळे तीन दरवाजांच्या थारची दीड लिटर डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी गाडी १८ टक्क्यांत बसली आणि मोठ्या इंजिनाची, चार चाकांच्या जोराची तीच थार ४० टक्क्यांत गेली. कर्जाचंही बघा. वरच्या मॉडेलसाठी दोन लाख जास्त, नऊ टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी घेतले, तर महिना सुमारे ४,१५० रुपये हप्ता वाढतो आणि पाच वर्षांत नुसतं व्याज ४९ हजारांच्या घरात जातं. भंडारदऱ्याच्या कितीतरी खेपांचं डिझेल त्यात येईल.

यानंतर तक्ता बाजूला ठेवून तीन मोजमापं घ्यायची. पहिलं, आपल्या पार्किंगचं. उपनगरात नव्या इमारतींतून गाड्या एकावर एक ठेवणारी यंत्रं आली आहेत आणि त्यांना उंचीची, वजनाची मर्यादा असते. ती पाटी वाचा आणि टपावरच्या कॅरिअरसकट गाडीची उंची मोजा. दुसरं, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचं. माझी बहीण, म्हणजे भाच्याची अम्मी, दोन्ही गुडघ्यांनी हैराण आहे. आम्ही तिला शोरूममध्ये नेलं आणि तीन गाड्यांत चढ-उतार करायला लावली. एकीत ती चढलीच नाही. म्हणाली, "मामा-भाच्यांना डोंगरावर जायचंय, मला दवाखान्यात जायचंय. दोघांची गाडी एकच आहे ना?" सेल्समननं दिलेल्या सगळ्या माहितीपेक्षा हा प्रश्न मोलाचा होता. तिसरं मोजमाप झोपेचं. मागची सीट दुमडायला सांगा आणि खुशाल आडवे होऊन बघा. लोक हसतील, हसू द्या. काही गाड्यांत सीट दुमडूनही मध्ये उंचवटा राहतो. काहींत खालच्या मॉडेलची सीट अखंड दुमडते आणि वरच्याची दोन भागांत, म्हणजे एकीकडे माणूस, दुसरीकडे सामान. हाही फरक तक्त्यातच असतो. आणि गाडीत झोपलात तर एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला मारतो.

आता पाण्याबद्दल, कारण मुंबईकराला चिखलाआधी पाणी भेटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसं आपल्याच मोटारींत अडकून दगावली. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपं पाण्यात बंद पडली. त्या काळी बेस मॉडेलला हातानं फिरवायची काच असायची आणि लोक तिला हसायचे. आज अशी काच शोधूनही सापडणं कठीण. म्हणून मॉडेल कुठलंही घ्या, काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवा, डिकीत नको. ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू कुठल्याही तक्त्यात नसते.

माहितीपत्रकात 'इतक्या मिलिमीटर पाण्यातून जाते' असा आकडा असतो. २०२० साली आलेल्या थारसाठी तो ६५० होता. हा आकडा संथ पाण्याचा, हे ध्यानात ठेवावं. वाहत्या पाण्याचा हिशोब निराळा. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं की सुमारे ३० सेंटिमीटर वेगानं वाहणारं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्ही आणि पिकअपही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर टॉप मॉडेल आणि बेस मॉडेल दोन्ही सारखीच, कागदाच्या होड्या. अंधेरीचा सबवे तुंबला की तिथेही हाच नियम. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. हवेच्या वाटेनं पाणी आत गेलेलं असतं आणि चावी फिरवली की इंजिन फुटतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. वरच्या मॉडेलवर वाचवलेल्या पैशातून हे कलम पहिलं घ्या.

भाच्यानं शेवटी काय घेतलं? मधलं मॉडेल, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांवर चालणारं, सहा एअरबॅगचं, साध्या चाकांचं. चार चाकांचा जोर त्यानं सोडला. त्याबदल्यात जुलै-ऑगस्टमध्ये कच्च्या वाटेला लागायचं नाही, गाडी डांबरी रस्त्यालगत लावून तळ्यापर्यंत पायी जायचं, असं त्यानं स्वतःच ठरवलं. वाचलेल्या पैशातून चांगल्या नक्षीचे टायर, विम्याचं कलम आणि अम्मीसाठी दाराशी फूटस्टेप आली. तुमचं उत्तर निराळं येईल. गावी शेत असेल, वाट खरोखर चिखलाची असेल, तर माझ्या मते तुम्ही खालचं का होईना पण फोर-व्हील ड्राइव्हचंच मॉडेल घ्यावं आणि स्क्रीन, कातडी सीट, छपराची काच सगळं सोडावं. मात्र गाडी कुठलीही असो, ती समुद्राच्या वाळूत घालू नका. भरती कुणाचं मॉडेल विचारत नाही, आणि वेळासपासून कोकणच्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवं वाळूत अंडी घालतात.

दसरा, पाडवा, ईद जवळ आली की शोरूममधून निरोप येतो, 'हेच मॉडेल हजर आहे, बाकीच्यांना थांबावं लागेल.' थांबावं. गाडी दहा-बारा वर्षं वापरायची असते, दोन महिने उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. त्या दोन महिन्यांत वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा: वर्षाचे रोजचे किलोमीटर, सहलीचे किलोमीटर, आणि त्यातले कच्च्या वाटेचे. खाली घरातल्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याला गाडीतून कुठे जायचं आहे ते. हे पान खिशात ठेवून शोरूममध्ये जा, आणि "आणखी फक्त दीड लाख" हे शब्द कानावर आले की ते टेबलावर उघडा. त्या दीड लाखात कारखान्यातच बसणारी कुठली वस्तू मिळते, एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर विचार करा. न मिळालं तर चहा संपवून उठा.